फताड्या पायांना चप्पल मिळाली हो!

अहो, मला चप्पल मिळाली!

"त्यात एवढं काय?" असं ज्यांना वाटेल त्यांचे पाय सडपातळ असणार, आणि त्यांनी हा लेख इथंच सोडला तरी माझी हरकत नाही. हा लेख बाकीच्यांसाठी आहे. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकवण्याआधी ज्यांचा हात भिंत शोधतो त्यांच्यासाठी. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यामुळे ज्यांचं प्रत्येक सँडलच्या पट्ट्याशी भांडण आहे त्यांच्यासाठी. करंगळीला कुरूप, टाचेला भेगा, तळव्यांची आग, आणि दुकानात गेलं की ठरलेलं वाक्य, "वापरून सैल होईल, ताई." इतक्या वर्षांत माझी एकही चप्पल वापरून सैल झाली नाही. तुटल्या मात्र भरपूर.

माझं घर पेणला आणि शाळा रोह्याला. मधलं चाळीसेक किलोमीटरचं अंतर कधी एसटीनं, कधी दिवा-रोहा गाडीनं. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं बसून गेली तर दिवस बरा जायचा. उभ्यानं गेली तर रोह्याचा प्लॅटफॉर्म यायच्या आधीच टाच बोलायला लागायची. मग शाळेत दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं, घरी आलं की ओट्यापुढे. आणि आमचा पेण तालुका कुणाचा? तर विनोबांचा! ११ सप्टेंबर १८९५ला ते इथल्याच गागोद्यात जन्मले, आणि १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू झाल्यावर तेरा वर्षं देशभर पायी हिंडले. त्याच तालुक्यातली मी स्टेशनच्या पुलावरून उतरताना कठडा सोडायला तयार नव्हते.

टाचदुखीचं निदान आमच्याकडे गावानं आधीच करून ठेवलेलं असतं : "हाड वाढलंय." एक्सरे काढला, त्यात खरंच टाचेच्या हाडाला पुढे आलेलं एक टोक दिसलं, गोळ्या मिळाल्या, जेलची टाच मिळाली. गोळ्या होत्या तोवर बरं वाटलं. जेलची टाच चपलेतून सटकून नागोठण्याच्या एसटी स्टँडवर कुठंतरी राहिली. मग रोह्यातल्याच एका सहकारी बाईंनी मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. मुलगीच म्हणते, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. आणि तिथं जे झालं त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तिनं आधी एक्सरे बाजूला ठेवला. म्हणाली, असं टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्सरेतही सापडतं, त्यामुळे दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकू नका. दुखतंय ते तळव्याखालून टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत ताणून बसवलेल्या एका चिवट पट्ट्याचं, प्लांटर फॅशियाचं, टाचेकडचं टोक. रात्रभर पाय सैल सोडून झोपलो की हा पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला अख्ख्या शरीराचं वजन त्याला एकदम खेचतं. म्हणून पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट! म्हणून दहा-वीस पावलं टाकली की जरा बरं! मी वर्षानुवर्षं भोगलेली गोष्ट कुणीतरी कारणासकट सांगत होतं आणि मला भर दवाखान्यात हसू यायला लागलं.

मग ती म्हणाली, "बाई, चप्पल काढा आणि या कागदावर उभ्या राहा."

जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू होती. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून मी उभी राहिले, तिनं पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ ओढली. मला बाजूला केलं. आणि त्या रेघेवर माझी सँडल ठेवली.

काय सांगू! पावलाच्या रुंद भागात माझा पाय सँडलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता, आणि पुढे, बोटांच्या पलीकडे, नको तितकी जागा रिकामी! "तुम्ही सात नंबर घालता," ती म्हणाली, "तो रुंदीसाठी. लांबीला तुम्हाला सहा पुरतो." दुकानात पाय आत जावा म्हणून एक नंबर वरचा द्यायचा ही आपल्याकडची रीतच आहे. पण नंबर एकानं वाढला की लांबी जवळजवळ साडेआठ मिलिमीटरनं वाढते आणि रुंदी त्यामानानं अगदीच थोडी. म्हणजे पाय जेमतेम मावतो आणि बाकीचं सगळं जागेवरून सरकतं. चपलेतला उंचवटा पावलाच्या कमानीखाली यायचा तो पुढे जातो. जिथं बोटं वाकतात तिथं चप्पल वाकायला हवी, ती भलतीकडेच वाकते. मागून सुटत असते म्हणून बोटं दिवसभर तिला आवळून धरतात, आणि त्या आवळण्यानं पोटऱ्या दुखतात. माझ्या पोटऱ्याही दुखत होत्या. त्याचा चपलेशी संबंध असेल हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पायात हाडं २६, आणि आपण दुकानात सांगतो आकडा एकच.

घरी येऊन मी वाचायला बसले आणि रात्र झाली तरी उठवेना. अमेरिकेत सिराक्यूज गावी चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसानं, बापाच्या चपलांच्या दुकानात काम करता करता, १९२०च्या दशकातच पाय मोजायचं एक धातूचं उपकरण तयार केलं. त्यात पायाची लांबी मोजता येते, रुंदी मोजता येते आणि टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजता येतं. १९२०चं दशक! आणि माझा पाय शेवटचा मोजला गेला तो त्या फिजिओ मुलीच्या कागदावर.

पण खरी उडी मी मारली ती चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं केलेल्या पाहणीवर. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी त्यांनी १,०१,८८० माणसांचे पाय त्रिमिती स्कॅनरनं मोजले. एक लाखाच्या वर माणसं! आणि निघालं काय? भारतीयांचे पाय युरोपीय-अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात. आपण आजवर घालतोय ती मापं ब्रिटिशांच्या आणि युरोपाच्या पायांवरून आलेली. म्हणजे "तुझे पाय फताडे आहेत" हे लहानपणापासून जे ऐकलं, ते फताडेपण फक्त माझ्या माहेरचं नव्हतं, देशभरचं होतं! या पाहणीवरून 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवली गेली आहे. भा म्हणजे भारत. मला तर वाटलं की उठावं आणि शेजारी जाऊन सांगावं, आणि मी सांगितलंही.

त्याच पाहणीतली एक गोष्ट शिक्षिका म्हणून माझ्या मनात रुतून बसली आहे. भारतीय मुलींच्या पायाची वाढ सरासरी अकराव्या वर्षापर्यंत पुरी होते, मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत. माझ्या सहावीच्या वर्गातल्या मुली अकरा-बारा वर्षांच्या आहेत. त्यांच्या आया जूनमध्ये "वाढतं पाऊल आहे" म्हणून एक नंबर मोठे बूट घेतात आणि त्या पोरी वर्षभर ते फरफटत ओढतात. त्यांची पावलं बहुतेक वाढून झालेली आहेत हो! आता पालकसभेत मी हे सांगते. काहीजणी वहीत लिहून घेतात, काहीजणी माझ्या पायांकडे बघतात.

बरं, चप्पल. फिजिओ मुलीनं चिठ्ठीवर लिहून दिलं : एमसीआर, मागे पट्टा, वेल्क्रो. आणि सांगितलं की चपलांच्या दुकानात जाऊ नका, सर्जिकलच्या दुकानात जा. रोह्यात दवाखान्यांच्या ओळीत असं एक दुकान आहे. त्याच्यासमोरून मी हजारदा गेले असेन. आत वॉकर, कमरेचे पट्टे, कमोडची खुर्ची, मानेचे कॉलर, आणि सगळ्यांत खालच्या फळीवर धूळ बसलेले खोके. दुकानदारांनी खोकं काढता काढता विचारलं, "शुगर किती आहे?" म्हटलं, मला शुगर नाही. ते म्हणाले, "मग काय झालं? पाय आहेत ना?"

दिसायला? दिसायला काही नाही. चॉकलेटी रंग, जाड तळ, पुढे नावेइतकी रुंद, पायावर दोन पट्टे आणि टाचेमागे एक, तिन्ही वेल्क्रोचे. पाय घातला. उभी राहिले. आणि माझ्या तोंडून "अगंबाई!" असा मोठ्यानं उद्गार निघाला. कुठंच काही टोचत नव्हतं, कुठंच काही आवळत नव्हतं, अंगठ्याच्या हाडावरचा पट्टा मला हवा तितका सैल करता येत होता, बोटं पसरली होती, आणि पायाखाली लहानपणीच्या आजोळची, शेणानं सारवलेली जमीन असावी तसं वाटत होतं. घट्ट तरी नरम. दुकानातच मी वॉकरच्या आणि कमोडच्या मधून येरझाऱ्या घालायला लागले. दुकानदारांनी पंखा लावून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. किंमत पाच-सहाशे रुपयांपासून पुढे. याहून महागाच्या सँडली मी घरी काढून ठेवलेल्या आहेत, फक्त लग्नात घालायच्या आणि पंगतीत काढून ठेवायच्या.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. या रबराच्या आत अगदी बारीक, बंद तोंडाचे हवेचे कप्पे असतात. साधा फोम काही दिवसांत चेपून पापुद्र्यावर येतो. हे रबर दाब घेतं, पसरवतं आणि पुन्हा वर येतं. वरचा थर मऊ, खालचा तळ कडक, म्हणजे काटा किंवा खिळा आरपार येत नाही. चपलेत कुठंही लोखंडी खिळा ठोकलेला नसतो, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. खिळा का नको, याचं उत्तर शोधत गेले आणि एका निराळ्याच माणसापाशी पोचले.

डॉ. पॉल ब्रँड. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत एका मिशनरी घरात जन्मलेला हा सर्जन १९४६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. तेव्हा समजूत अशी की कुष्ठरोगात बोटं, पावलं आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप सडत नाही. संवेदना गेलेली असते, दुखल्याची वर्दीच मेंदूला जात नाही, आणि माणूस त्याच जागेवर दाब देत देत चालत राहतो. चपलेतला वर आलेला एक खिळा त्याला दिवसभर कळत नाही. जखम होते, ती चिघळते, आणि पाय जातो. मग उपाय काय? तर दाब पसरवणारी चप्पल! वेल्लोर आणि शेजारच्या करिगिरीच्या संस्थेत या रबराच्या चपलांवर वर्षानुवर्षं काम झालं, आणि पुढे तीच चप्पल मधुमेहानं बधिर झालेल्या पायांकडे आली. आपल्या जिल्ह्यातही पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. तिथल्या वाटेनं मी सहली नेल्या आहेत, पण या चपलेशी त्या कामाचं नातं आहे हे आता कळतंय. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात ज्यांचे पाय बधिर झालेत अशांना सरकारकडून एमसीआरचे जोड फुकट मिळतात. ज्या चपलेपुढे मी मराठी शाळेतली एक धडधाकट बाई "अगंबाई" म्हणते, ती चप्पल ज्यांच्या पायांसाठी जन्मली त्यांना मात्र पुष्कळ काळ ती लपवावीशी वाटायची, कारण तिच्यावरून रोग ओळखू यायचा. म्हणून नंतर रंग बदलले, नमुने बदलले. गाडीत एका बाईंनी मलाही विचारलं, "ही कसली चप्पल गो? काय झालंय पायाला?" मी उत्तराला नागोठण्यापासून रोह्यापर्यंतचा वेळ घेतला. उतरताना त्यांनी दुकानाचा पत्ता मागितला.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण उत्साहात मी तीही सगळ्यांना सांगत सुटले आहे. मऊ म्हणजे आधार असं नव्हे. दुकानात हातानं दाबून बघितली की गादीदार चप्पल फार गोड लागते. पण अति मऊ तळात टाच रुतते, पावलाची कमान खाली बसते आणि तो चिवट पट्टा आणखी ताणतो. एमसीआरचं काम दाब पसरवणं. टाचदुखीला त्याच्या जोडीला कमानीखाली थोडा उठाव आणि टाचेभोवती वाटी लागते. फिजिओ मुलीनं कागदावरच्या माझ्या पावलात एक लांबट खूण करून दिली आणि म्हणाली, हे एखाद्या चांगल्या चांभाराला दाखवा.

रोह्याच्या बाजारात एक काका बसतात. मी कागद पुढे केला. त्यांनी कागदाकडे कमी आणि माझ्या जुन्या सँडलच्या तळाकडे जास्त बघितलं. आतल्या कडेला झिजलेला तळ बोटानं चाचपत म्हणाले, "आतल्या अंगाला चालता तुम्ही." मग नव्या चपलेचा वरचा थर रापीनं कडेनं अलगद उसवला, रबराचा एक तुकडा खुणेबरहुकूम कापला, कडा इतक्या पातळ केल्या की बोट फिरवलं तरी कुठं सुरू होतो कळू नये, तो आत बसवला आणि आरीनं शिवण घातली. "उद्या चालून बघा. जास्त वाटलं तर उतरवतो." दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि त्यांनी खरंच एक पापुद्रा उतरवला. शाळेच्या कार्यक्रमाला लागणारे माझे बंद बूट त्यांनी कलबुतावर चढवून नेमके अंगठ्याच्या हाडापाशी ताणून दिले. तिथं आता बाहेरून एक फुगवटा दिसतो आणि मला त्याचा अभिमान आहे. हे कारागीर आपल्या गावोगाव बसलेले आहेत, आणि आपण त्यांच्याकडे फक्त अंगठा तुटला की जातो! (ज्यांचे पाय मधुमेहानं बधिर आहेत त्यांनी मात्र असे तुकडे परस्पर बसवून घेऊ नयेत. त्यांना एक शिवण वर आली तरी कळणार नाही. त्यांचं काम तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. एक पाय आखूड असणाऱ्यांसाठी, पोलिओवाल्यांसाठी मुंबईत हाजी अलीला १९५५पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथं माप घेऊन बूट आणि कॅलिपर बनवतात.)

बाहेरचा प्रश्न सुटला आणि खरं युद्ध घरात सुरू झालं. फिजिओ मुलीचं स्पष्ट सांगणं होतं : घरातही अनवाणी नको. आता मराठी घरात, उंबऱ्याच्या आत, चप्पल! सासूबाई ऐकूनच पाटावरून उठल्या. त्यांचं म्हणणं, "आम्ही काय जन्मभर चपला घालून भाकऱ्या थापल्या?" नव्हत्याच घातल्या. पण त्या थापल्या बसून, चुलीपुढे, सारवलेल्या जमिनीवर. आता जमीन गेली, तिथं आधी कोबा, मग शहाबादी, मग चकचकीत टाइल आली; चूल गेली, ओटा आला आणि बाई उभी राहिली. तासन् तास, दगडाहून गुळगुळीत कडक फरशीवर, अनवाणी. घरानं कूस बदलली आणि पायाला कुणी विचारलंच नाही, असं मी त्यांना म्हटलं. ह्यांनी पेपर वर धरला.

तडजोड झाली ती अशी : घरातला जोड वेगळा, तो उंबऱ्याबाहेर कधीही जाणार नाही, स्वयंपाकघरात चालेल, देवघरात नाही. मला मान्य. देवापुढे मी उभी राहत नाही, बसते.

आणि मग सासूबाईंचे पाय. त्यांना मधुमेह. अंगणात फुलं काढायला जाताना त्यांच्या पायातली स्लीपर गळून पडली आणि त्या फाटकापर्यंत तशाच गेल्या, हे मी खिडकीतून पाहिलं होतं आणि विसराळूपणा म्हणून सोडून दिलं होतं. फिजिओ मुलीनं हे ऐकलं आणि लगेच म्हणाली, "आजींना घेऊन या." एक नायलॉनचा धागा होता, वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅम दाब देणारा. डोळे मिटायला सांगून ती तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत होती आणि विचारत होती, "लागलं?" पोटरीपाशी लागत होतं. अंगठ्याला, टाचेला सासूबाई गप्प. धागा टेकून वाकला होता आणि त्या शांतपणे विचारत होत्या, "झालं का सुरू?"

त्या दिवसापासून त्यांचे तळवे रोज संध्याकाळी बघायचे, त्यांना वाकवत नाही म्हणून आरशात, हे आमच्या घरचं काम ठरलं. त्यांनाही एमसीआरचा जोड आणला. रंग मात्र त्यांनी निळाच मागितला आणि मिळेपर्यंत मला हेलपाटे घालायला लावले. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत त्या अनेक वर्षं करत आल्या. यंदा डॉक्टरांनी साफ मनाई केली. भटजींना विचारलं, ते म्हणाले, त्याऐवजी एकभुक्त राहा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू असताना तेही नको. शेवटी सासूबाईंनी स्वतःच तोड काढली आणि नऊ दिवस चहात दूध घालणं बंद केलं. देवीला चाललं असावं.

पावसाबद्दल लिहिलं नाही तर रायगडचे वाचक मला सोडणार नाहीत. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जून लागला की आपण सगळे आपली बरी पादत्राणं वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पावसाळी चपला काढतो : पातळ, सपाट, कडक, आणि ओल्या फरशीवर घसरणाऱ्या. म्हणजे वर्षातले चार महिने पायांचे हाल ठरलेलेच. बंद बूट घालावेत तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या. चामड्याला बुरशी. जर्मनीच्या बिर्केनस्टॉकचं नाव आता आपल्याकडेही ऐकू येतं, १७७४पासूनचं घराणं, बुचाचा कमानदार तळ. पुतण्यानं परदेशातून मला एक जोड आणलाही, आणि तो सुरेख आहे, पण बूच भिजून भिजून खराब होतं, म्हणून तो दिवाळी ते मेपर्यंतच. एमसीआरची चप्पल पावसात टिकते. बंद कप्प्यांमुळे ती स्पंजाइतकं पाणी पीत नाही, रेक्झिनचे पट्टे पुसून वाळतात. दोन त्रास आहेत. वेल्क्रोत चिखल भरला की तो धरत नाही. जुन्या टूथब्रशनं घासायचा. आणि रात्री पंख्याखाली वाळवायची, गॅसजवळ मुळीच नाही. वापरून वापरून रबर चेपतं; अंगठ्यानं दाबलं आणि खळगा तसाच राहिला, की नवा जोड घ्यायचा, पट्टे कितीही शाबूत असोत.

टाचेचं काय झालं? फक्त चपलेनं झालं असं मी म्हणणार नाही. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम आहे, तो सकाळ-संध्याकाळ करते. अंथरुणातून उठायच्या आधी पायाची बोटं हातानं माझ्याकडे ओढून धरते, म्हणजे तो आखडलेला पट्टा वजन पडायच्या आधी थोडा सुटतो. बहुतेकांची टाचदुखी काही महिन्यांत अशी उतरते. माझी उतरली. पेण स्टेशनच्या पुलावर आता कठडा रिकामा असतो.

आणि शाळेत मी एक उपद्रव होऊन बसले आहे. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत कॅलेंडरची जुनी पानं पसरलेली, सगळ्यांची पावलं काढून झाली. एकीचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. तिला वाटलं काहीतरी भलतं आहे, पण दोन पाय थोडे कमीजास्त असणं अगदी सर्रास आहे, आणि माप नेहमी मोठ्या पायाचं घ्यायचं. गणिताच्या सरांनी क्षेत्रफळ काढलं. धाटावच्या एमआयडीसीत काम करणारे एक पालक दाखला न्यायला आले होते; पोलादी टोकाच्या सेफ्टी शूजमध्ये काँक्रीटवर पाळी काढून त्यांच्या करंगळ्यांना कुरुपं झालेली. त्यांचंही पाऊल काढून दिलं आणि सांगितलं की कंपनीत नंबर देताना हा कागद सोबत द्या, रुंदीचा जोड मागा.

तुम्हीही हेच करा. संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळी घेतलेलं माप रात्री खोटं ठरतं. उभं राहून, दोन्ही पायांचं, पेन्सिल सरळ धरून. कागद कापा आणि दुकानात न्या. चप्पल त्या कागदावर ठेवा. कागद बाहेर दिसला तर दुकानदार काहीही म्हणोत, ती खाली ठेवा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठाभर जागा हवी. चप्पल दोन्ही हातांनी वाकवा : बोटांपाशी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर नको. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना पाय दाखवायचे आहेत एवढं आवर्जून सांगा.

पेण-रोह्याच्या चप्पल दुकानदारांना माझं हात जोडून सांगणं आहे. सर्जिकलच्या दुकानात खालच्या फळीवर पडलेला हा माल तुमच्या काचेत यायला हवा. बायकांच्या मापात पाच, सहा आणि सात नंबरचे रुंद जोड मागवा, मागे पट्टा असलेले, पावसात चालणारे, आणि जमलं तर चॉकलेटी सोडून इतर रंगांतही. एक मोजपट्टी ठेवा. गिऱ्हाइकं मी पाठवते.